गोधडी शिवताना मान धरते, टाके आखडतात: दोष मशीनचा की टेबलाचा?

मशीनवर गोधडी शिवणाऱ्या बायकांची एक तक्रार वारंवार कानावर येते. ब्लाउज, परकर, उशीचे अभ्रे शिवताना मशीन छान चालतं. गोधडी घेतली की अर्ध्या तासात मान भरून येते, खांदे वर चढतात, टाके कुठे लांब तर कुठे आखडलेले पडतात आणि मधेच सुई मोडते. मग मेकॅनिकला बोलावलं जातं. तो तेल घालतो, दोऱ्याचं टेन्शन (ताण) बघतो, सुई बदलतो आणि एक चिंधी शिवून दाखवतो. ती सुरेख शिवली जाते. तो गेला की पुन्हा गोधडी, पुन्हा तेच.

चिंधी सुरेख शिवली गेली तिथेच खरं तर उत्तर मिळालेलं असतं. मशीन ठीक आहे. बिघाड मशीनच्या खाली आहे, आणि तो सुताराच्या एका फेरीत, थोड्या पैशांत निघू शकतो. म्हणून मेकॅनिकला दुसऱ्यांदा बोलावण्याआधी पुढची तपासणी करून बघा.

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा

गोधडी मशीनखाली लावा आणि नेहमीसारखी वीतभर शिवा. आता घरातल्या कुणाला तरी बोलावून टेबलाखाली लोंबणारा सगळा भाग दोन्ही हातांवर उचलून धरायला सांगा, म्हणजे गोधडी टेबलाच्या पातळीत येईल. टाक्याची लांबी, टेन्शन, काही न बदलता पुन्हा वीतभर शिवा. दुसऱ्या वेळचे टाके एकसारखे आले, तर दोष वजनाचा, म्हणजेच टेबलाचा. दोन्ही वेळा टाके सुटत असतील तर मात्र सुई, दोरा किंवा मशीनची आतली जुळणी बघायला हवी. जाड थरांना 16 किंवा 18 नंबरची सुई लागते. ब्लाउजची 11 नंबरची सुई गोधडीत टिकत नाही, तिथे टेबलाला दोष देऊन उपयोग नाही.

असं का होतं ते समजलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. चार-पाच जुन्या सुती साड्यांचे थर घातलेली, पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडी दोन किलोंच्या आसपास भरते. आत फायबरची शीट किंवा कापूस घातला तर वजन आणि फुगवटा आणखी वाढतो. मशीनच्या सुईखालचे दाते दोन-तीन पदरी कापड पुढे ढकलण्यासाठी बनवलेले असतात. गोधडीचा निम्मा भाग टेबलावरून खाली लोंबत असेल तर ते वजन उलट दिशेनं ओढत राहतं. दाते पुढे नेतात, वजन मागे खेचतं, टाका आखडतो. आपण हातानं गोधडी ओढून मदत करायला जातो, तेव्हा कापडातली सुई वाकते, खालच्या पट्टीवर आपटते आणि मोडते. मान आणि खांदेही त्याच ओढाताणीनं दुखतात.

आपल्याकडे हातानं गोधडी किंवा वाकळ शिवणारी बाई हा त्रास कधी ओढवून घेत नाही, कारण तिची गोधडी जमिनीवर पसरलेली असते. सगळं वजन भुईवर. कडेनं धावदोरा सुरू होतो, चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जातो आणि हलतो फक्त हात. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ करतात, तीही अशीच जमिनीवर, कडेपासून आत. मशीनवर सगळं उलटं होतं. सुई एका जागी थांबते आणि अख्खी गोधडी हलवावी लागते. म्हणून मशीनच्या भोवती ती भुई उभी करायची, एवढंच आपलं काम.

खांदे चढतात, मान धरते: मशीन फार उंचावर आहे

बहुतेक घरांत छोटं विजेवरचं मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं असतं. हे टेबल साधारण 30 इंच उंच. त्यावर मशीनचा जो सपाट भाग असतो, जिथे कापड सरकतं, तो आणखी 3 इंच वर. म्हणजे आपले हात जमिनीपासून 33 इंचांवर काम करतात. आता खुर्चीवर नीट बसा, खांदे सैल सोडा, कोपरं काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. उंची पाच फूट एक-दोन इंच असेल आणि खुर्ची 17-18 इंचांची असेल, तर हे माप 26-27 इंच येतं. सहा इंचांची ही तफावत भरून काढण्यासाठी आपण खांदे उचलतो आणि तासन् तास तसेच उचललेले ठेवतो. मान धरणार नाही तर काय होईल!

मशीनचा सपाट भाग कोपराच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवा. इथे पहिला विचार खुर्चीवर उशा रचण्याचा येतो. दोन-तीन इंचांपर्यंत तो चालतो. उशी मात्र घट्ट हवी, दबणारी नको, आणि पाय लोंबायला लागले की खाली पाट घ्यावा, पेडलही त्या पाटावरच ठेवावा. पाट सरकू नये म्हणून त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा. यापेक्षा जास्त उंच बसायला गेलात तर मांड्या टेबलाच्या चौकटीला खालून घासतात. म्हणून उशीवर सगळा भरवसा ठेवू नका.

खरा आणि स्वस्त उपाय म्हणजे जुन्या टेबलाचे पाय कापणं. मुलांचं वापरात नसलेलं लाकडी अभ्यासाचं टेबल असेल तर उत्तम. नसेल तर जुन्या सामानाच्या बाजारात मिळतं. पुण्याचा जुना बाजार, जोगेश्वरीतला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार अशा ठिकाणी लाकूड भक्कम पण रूप गेलेली टेबलं पडून असतात. आपल्याला रूप नको, भक्कमपणा हवा. सुताराकडून चारही पाय कापून टेबल 24-25 इंचांवर आणा. कापण्याआधी दोन गोष्टी तपासा. टेबलाखाली ड्रॉवर किंवा रुंद आडवी पट्टी असेल तर मांड्यांना जागा उरणार नाही, ते टेबल सोडून द्या. आणि पाय लोखंडी पाइपचे असतील तर सुतार नाही, वेल्डिंगवाला लागेल. कापल्यावर टोकांना रबरी बूच बसवायला विसरू नका.

पाय एकदम सहा इंच न कापता आधी पाच इंच कापून घ्या, आठवडाभर त्यावर शिवा आणि मग उरलेलं ठरवा. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. आणि माप तुमच्या कोपराचं घ्या. तुमच्या जावेला सोयीचं टेबल तुम्हाला सोयीचं असेलच असं नाही.

पायमशीनवाल्यांना उंचीचा त्रास जरा कमी होतो. त्यात मशीन फळीच्या खाचेत बसवलेलं असतं, त्यामुळे ते वरचे 3 इंच वाचतात. तिथे स्टुलावर घट्ट दोन इंची आसन पुरतं, फक्त पायटा नीट दाबता यायला हवा. त्यांची खरी अडचण पुढे आहे, फळीच्या लांबी-रुंदीत.

टाके आखडतात, गोधडी खेचली जाते: आधार कमी आहे

या कामात सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

छोटं मशीन टेबलावर ठेवलं की ते टेबलाच्या वर 3 इंचांचा एक उंचवटा होतं. गोधडी त्यावर चढते आणि चारी बाजूंनी उतरते. त्या उतारावर तिचं वजन खाली ओढत राहतं. मशीनच्या भोवती त्याच पातळीचा सपाट भाग केला की ही ओढ थांबते. त्यासाठी टेबलात खाच पाडून मशीन खाली उतरवून घेणाऱ्याही आहेत. ती रचना छान असते, पण खर्चीक, आणि मशीन बदललं की खाच वाया जाते. माझं मत चौरंगाच्या बाजूनं आहे.

चौरंग म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा अडीच फूट बाय दोन फुटांचा तुकडा, त्याला पुढून मशीनच्या आकाराची खाच आणि खाली बुटके पाय. मशीन त्या खाचेत सरकवायचं, म्हणजे चौरंगाचा पृष्ठभाग आणि मशीनचा सपाट भाग एका रेषेत येतो. पायांचं माप काढताना प्लायची जाडी वजा करायची असते. मशीनचा सपाट भाग टेबलापासून 75 मिलिमीटरवर असेल, प्लाय 12 चा आणि वर 1 मिलिमीटरचा सनमायका असेल, तर पाय 62 मिलिमीटरचे. सुताराला नुसतं ‘मशीनइतका उंच कर’ सांगितलं तर बऱ्याचदा पायच मशीनइतके होतात आणि वरची फळी अर्धा इंच वर येते. मग गोधडी त्या कडेला अडकते. कागदावर आकृती काढून आकडे लिहून द्या.

खाच कापण्याआधी मशीन पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं आखून घ्या आणि भोवती चार-पाच मिलिमीटरची मोकळीक ठेवा. उजवीकडे चाक फिरायला आणि वायरीला जागा लागते, तिथे जास्त सोडा. ज्या मशीनची बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी) डाव्या बाजूनं किंवा पुढून काढावी लागते, त्यांच्यासाठी त्या बाजूची एक पट्टी सुटी ठेवायला सांगा. नाहीतर दर बॉबिनला अख्खं मशीन बाहेर ओढावं लागेल. प्लायच्या कडा पॉलिश पेपरनं गोल करून घ्या, कारण टोकदार कड गोधडीला अडवते आणि दुपारभर तिच्यावर टेकलेल्या हातालाही लागते. वर सनमायका परवडत नसेल तर प्लाय बारीक पॉलिश पेपरनं घासून त्यावर साधं मेण चोळा. कापड सळसळत सरकतं.

सुतार मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर जाड पुस्तकं किंवा वर्तमानपत्रांचे गठ्ठे मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचे रचा आणि वर एक गुळगुळीत पुठ्ठा टाका. दिसायला कसंही दिसो, टाक्यातला फरक पहिल्याच ओळीत कळेल.

आता आधार कोणत्या बाजूला द्यायचा? मशीनचा खांब उजवीकडे असतो आणि सुई ते खांब ही जागा घरगुती मशीनमध्ये सहा-सात इंचांचीच. तिथे गुंडाळी करून गोधडीचा थोडाच भाग मावतो. बाकी सगळा पसारा डावीकडे आणि मागे जातो. म्हणून डावीकडे त्याच उंचीचं दुसरं टेबल, स्टूल किंवा इस्त्रीचं घडीचं टेबल लावा. इस्त्रीचं टेबल यासाठी मला फार आवडतं, कारण त्याची उंची खालीवर करता येते. पायमशीनच्या फळीलाही डावीकडून असंच जोड द्या, तिची सगळी तक्रार तिथेच मिटते. शक्य असेल तर मशीनचं टेबल खोलीच्या कोपऱ्यात असं लावा की डावीकडे एक भिंत आणि समोर दुसरी. मग गोधडी टेबलावरून पलीकडे पडूच शकत नाही, भिंतीला टेकून साठत जाते. पुढून जो भाग आपल्या अंगाकडे येतो तो मांडीवर न सोडता छातीशी किंवा डाव्या खांद्यावर घ्या.

एवढं करूनही थर एकमेकांवर सरकत असतील तर मग वॉकिंग फूट, म्हणजे मशीनला वेगळा लावायचा दाबपाय, घ्यायचा विचार करा. तो वरच्या थरालाही खालच्या थराबरोबर पुढे नेतो. टेबल नीट न करता नुसता तो फूट विकत घेतला तर पैसे जातात आणि त्रास तसाच राहतो.

टेबल हलतं, मशीन सरकत जातं

घडीचं प्लास्टिकचं लांब टेबल स्वस्त आणि हलकं, पण मधोमध मशीन ठेवलं की ते थरथरतं. मशीन मधे न ठेवता पायांच्या वर, टेबलाच्या टोकाकडे ठेवा आणि टेबलाची मागची कड भिंतीला टेकवा. निम्मी थरथर इथेच जाते. लाकडी टेबल डावी-उजवीकडे झुलत असेल तर मागच्या दोन पायांना एक तिरकी लाकडी पट्टी स्क्रूनं मारून घ्या. खिळा नको, खिळा महिन्याभरात सैल होतो. मशीनखाली पातळ रबरी चटई घाला. फरशी उंचसखल असेल तर एका पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालण्यापेक्षा सायकल ट्यूबचा तुकडा घाला, तो दबून बसतो आणि निसटत नाही.

कंबर धरते: कापायचं टेबल बुटकं आहे

मशीनचं टेबल जितकं बुटकं हवं तितकंच कापायचं टेबल उंच हवं. एकाच टेबलावर दोन्ही कामं करायला गेलं की एक तरी अवयव तक्रार करतोच. उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासूनचं अंतर मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी हे माप 34 इंचांच्या आसपास येतं. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कटर) वापरत असाल तर आणखी इंचभर खाली चालेल, कारण कटरवर वरून जोर द्यावा लागतो.

गंमत म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा बहुतेक घरांत जवळपास एवढाच उंच असतो. चौकोन कापायला, पट्ट्या आखायला स्वच्छ पुसलेला ओटा दुपारच्या वेळी अगदी योग्य. ओट्याची रुंदी दोन फुटांचीच असल्यानं मोठं कापड मात्र मावत नाही.

जेवणाचं टेबल चार इंच उचललं की तेही कापायचं टेबल होतं. त्यासाठी सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घ्या आणि प्रत्येकात पाय बसेल अशी अर्ध्या इंचाची खोल खाच पाडून घ्या. विटांवर टेबल चढवू नका. कटर जोरात ओढला की पाय विटेवरून घसरतो आणि हातात धारदार पातं असतं. पाइपच्या पायांचं घडीचं टेबल असेल तर पायांवर बसतील असे पीव्हीसी पाइपचे चार तुकडे घ्या. ते वर आडव्या दांड्याला अडतील आणि खाली पायापेक्षा हवे तितके लांब राहतील असे कापा. चारही अगदी एका मापाचे हवेत, म्हणून दुकानातूनच कापून आणा.

जागा असेल आणि नवीन करायचं असेल तर घराच्या दुरुस्तीत निघालेला जुना फ्लश दरवाजा शोधा. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, जाड आणि सपाट. दोन लाकडी घोड्यांवर (घडीच्या उभ्या आधारांवर) ठेवला की टेबल तयार, काम झालं की घोडे मिटवून दरवाजा भिंतीला उभा. कडीची आणि कुलपाची भोकं लांबी (पुटी) भरून सपाट करून घ्या. तो जड असतो, एकटीनं उचलू नका.

कोकणात किंवा पावसाळी भागात राहत असाल तर एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड टाळा. दमट हवेत आणि इस्त्रीच्या वाफेनं त्यांच्या कडा फुगतात, मग कटरखाली अंथरायची मॅट सपाट बसत नाही आणि पट्ट्या वाकड्या कापल्या जातात. वॉटरप्रूफ प्लाय महाग पडतं. साध्या प्लायच्या चारही कडांना रंगाचे दोन हात दिले तरी बराच फरक पडतो. 18 मिलिमीटरची फळी सहा फूट लांब टाकली तर मधे खाली पट्टी द्या, नाहीतर ती वर्षभरात झोळ खाते. इस्त्री थेट सनमायकावर करू नका. एका सुट्या प्लायवर घोंगडी आणि वर सुती चादर ताणून वेगळा पाट करा.

थर घालताना गुडघे जातात

साड्या एकावर एक अंथरून कच्चा दोरा घालायचं काम आपण जमिनीवर करतो, आणि पन्नाशीनंतर उठणं कठीण होतं. हे काम उंच टेबलावर करता येतं, टेबल गोधडीपेक्षा लहान असलं तरी. टेबलाच्या बरोबर मध्यावर काडेपेटीची एक काडी चिकटपट्टीनं लावा. प्रत्येक थराचा मध्य घडी घालून शोधा आणि त्या काडीवर आणा. वरच्या थरांतूनही ती बोटांना लागते. खालचा थर टेबलाच्या कडांना काळ्या बाइंडर क्लिपांनी पकडा, मग मधला, मग वरचा. टेबलावरचा भाग कच्चा शिवून झाला की क्लिपा काढा, गोधडी सरकवा, पुन्हा पकडा. फार ताणू नका. ताणलेला थर क्लिप सुटल्यावर आकसतो आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

सगळं केलं तरी त्रास परत आला तर

बहुतेक वेळा कारण साधं असतं. सणासुदीला ठोकळे काढून टेबल जेवणासाठी खाली आणलं जातं आणि ते तसंच राहतं. मशीनच्या टेबलाशी घरातली दुसरीच खुर्ची येऊन बसते. ठोकळ्यांना आणि खुर्चीला रंगानं खूण करा. पावसाळा संपला की सगळे स्क्रू एकदा आवळा, लाकूड फुगून पुन्हा आकसलेलं असतं. चौरंगाची पातळी पट्टी आडवी धरून तपासा. मशीनखालची रबरी चटई दबून पातळ झाली की मशीन खाली जातं आणि तीच कड पुन्हा गोधडी अडवू लागते. नवी चटई पूर्वीच्याच जाडीची आणा.

माप बरोबर, आधार बरोबर, आणि तरी बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेतून जाग येईल इतका खांदा दुखत असेल, तर टेबलात आणखी फेरफार करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर गोधडी मशीनवरून उतरवून ठेवा आणि चौकोन जोडण्याचं हलकं काम करा, तेही दर अर्ध्या तासानं उठून.